गोळाबेरीज

नदी ओसरली की काठची माती लोण्यासारखी येते हाताला.
मी तिचा गोळा वळतो, अंगठ्याने पोकळ करतो,
आत मेंढीमागे एक खडा टाकतो.
खडेही मातीचेच, मीच भाजलेले.
उर-दुकुग मोजत असतात,
अंगठा बोटांच्या पेरांवर:
चार बोटं, बारा पेरं,
बारा झाली की दुसऱ्या हाताचं एक बोट मिटायचं,
मूठ मिटली की साठ.
साठाच्या पुढे हात संपतात.

शाराकमच्या मेंढ्या त्रेपन्न.
हे आम्हाला ठाऊक, त्याला नाही.
तो उभा, पाय धुळीने पांढरे.
ही फाटक्या कानाची, म्हणतो, ही खोकणारी,
हिची आई गेल्या साली कालव्यात बुडाली.
कळपाची त्याला खडान् खडा माहिती,
खड्यांची काहीच नाही.

गोळा मिटला. वर मुद्रा फिरवली:
सिंह, बकरी, पुन्हा तोच सिंह.
“उरुकच्या कोठारातच फुटायचा हा,” उर-दुकुग म्हणाले.

पुढचं त्याने मला परतल्यावर सांगितलं,
बार्लीच्या दारूचा घडा अर्धा झाल्यावर.

चौथ्या रात्री फाटक्या कानाची मेली.
साप असेल.
पहाटे खोकणारी व्याली.
त्याने गोळा कानाशी धरला, हलवला.
आत खुळखुळ, कालच्यासारखीच.

कोठारात गोळा दगडाने फोडला.
मेंढ्या एकेक दारातून आत,
मेंढीला खडा, मेंढीला खडा,
आणि शेवटच्या खड्याला
ओलं, काटकुळ्या पायांचं कोकरू.
कारकुनाला घाई होती, त्याने तेही मेंढीच धरलं.
“गोळाबेरीज बरोबर.”
“नाही,” शाराकम म्हणाला.
कारकुनाने वर पाहिलं नाही,
पुढचा गोळा उचलला.

खडे परत आणून द्यायचे असतात.
त्याने माझ्यासमोर पिशवी ओतली,
बोटाने खडे चाळत राहिला बराच वेळ.
एक उचलला, कड उडालेला,
भट्टीत माझ्याच हातून बिघडलेला.
“हिचा कान,” म्हणाला,
आणि कमरेच्या कापडात खोचला.

मी अडवलं नाही.

तेव्हापासून आमच्या टोपलीत एक खडा कमी भरतो.
उर-दुकुग रोज संध्याकाळी पेरं मोजतात,
पुन्हा मोजतात,
मला विचारतात.
मी माती मळत राहतो.