समासातली पेन्सिल

ग्रंथालयाची बस मी चालवतो. मंगळवारी सोर्वेकडे,
जिथं सारेमा बेट निमुळतं होत जातं
आणि जुनिपरची झुडपं वाऱ्याकडं पाठ करून उभी असतात.
पुस्तक परत आलं की पानं चाळायची,
कुणी पेन्सिलनं काही लिहिलं असेल तर खोडायचं.
नियम आहे.
कार्यालय मला वर्षाला तीन खोडरबर देतं.

हे पुस्तक तसं लहानच.
एक बाई, एक खटारा गाडी, एक मांजर.
मांजराचं नाव आहवेन. आमच्याकडं तो मासा असतो, पट्ट्यापट्ट्यांचा.
तार्तूहून लिस्बनपर्यंत, अकरा महिने.
पुस्तकभर मांजर आडवं जातं
आणि दर वेळी प्रवास पुढंच सरकतो.

पान नऊ. ताठ, ओळीत उभी केलेली अक्षरं,
म्हणजे शाळेतल्या हेल्मे बाई:
‘मांजराला विचारलं होतं का?’
खाली कुणीतरी बारीक:
‘आपल्याला तरी कोण विचारतं.’

पान एकतीस. उर्वे. (ती य काढते तो मला दुरूनही ओळखू येतो.)
‘गाडीतली वाळू कुठं बदलायची, हे कुठंच नाही.
ज्यानं मांजर पाळलंय त्याला पहिला प्रश्न हाच पडतो.’

एंडेलनं फक्त माशांची पानं वाचली असावीत.
‘ताजं सार्डिन मांजरानं हुंगून सोडलं म्हणे.
एक तर सार्डिन शिळं, नाही तर बाई खोटं बोलते.’
पानाला धुरावल्या माशाचा वास आहे.
तो खोडरबरानं जात नाही.

शेवटच्या कोऱ्या पानावर हिशोब:
‘एकूण पानं दोनशे चाळीस.
मांजराची, मोजून, चाळीस.
बाकी सगळी घटस्फोटाची.’
हे खोडताना मी हसलो, खरं सांगतो,
बस उभी होती, हीटर घरघरत होता.

मग मागं आलो, पान एकशे बाराला.
तिथं ती सीमेवर अडते. कागद अपुरे.
म्हणते, याला सोडून जाणं मला कधीच जमलं नसतं.
त्या ओळीशेजारी काहीतरी होतं, थरथरतं, खोल दाबलेलं.
हात सवयीनं चालला.
अर्ध्यावर आलो तेव्हा कळलं की मी वाचतोय:

‘आम्हाला तासभर दिला होता. मार्च, एकोणपन्नास.
मांजर चुलीच्या कट्ट्यावर होतं.
आईनं सगळं बांधलं, मग दार उघडंच ठेवलं,
म्हणाली, त्याला बाहेर पडता यावं.
ट्रकमधून मला उघडं दार दिसत होतं.
मांजर दिसत नव्हतं.’

हात थांबेपर्यंत दार गेलं होतं.
चूल आणि तास त्याआधीच.

पुढच्या मंगळवारी लेइदा आली, काठी टेकत,
टोमॅटोच्या रोगांवरचं पुस्तक मागितलं.
मी शिक्का मारला. तारीख चुकली, पुन्हा मारला.
‘वाचलंत?’
‘खोडलं,’ मी म्हणालो.
‘मग. नियमच आहे तसा,’
आणि पायरी उतरताना, माझ्याकडं न बघता,
‘त्या बाईवर माझा राग नाही हं. नशीबवान आहे.’

पुस्तक आणखी दोन घरं फिरलं.
परवा ऊकुनं परत आणलं, वय नऊ,
हाताच्या कडेला शिशाची काळी चमक.
पान एकशे बारा. समास पूर्ण करडा,
पेन्सिल आडवी धरून, हलक्या हातानं घासलेला,
आणि त्या करड्यात पांढरी उमटलेली
तिची अक्षरं, सगळी, दारापर्यंत.
खाली त्याचं स्वतःचं, वेडंवाकडं:
‘मग मांजर बाहेर पडलं का?’

या वर्षीचा तिसरा खोडरबर
बसच्या कप्प्यात आहे, अजून कागदातच.
आज सोमवार.
उद्या यादीत लेइदाचं नाव आहे,
टोमॅटो परत करायचेत तिला.
मी हे पुस्तक खोक्यात वरच ठेवलंय.