पाठपोट

चित्राच्या पुढच्या बाजूशी माझा फारसा संबंध येत नाही.
साउथवार्कच्या तळघरात, अठरा अंश थंडीत,
मी चित्रं पालथी घालतो
आणि पाठी वाचतो.

आजचं हे. पुढून तीन करडे आकार, एक पिवळा.
साऱ्या जगाची एक नवी भाषा, असं कुणी कुणी लिहून गेलंय.
असेल.
मागून बघावं तर
गंजके खिळे नि वाळलेला गोंद:
व्हेनिस, चौपन्न. साओ पाउलो, सत्तावन्न.
तोक्योचं लेबल उंदरानं अर्धं खाल्लेलं.
न्यूयॉर्कच्या कस्टमवाल्यानं शिक्का उलटा मारून
खाली नोंद केलीय: कापड, रंगवलेलं, वापरलेलं.

वापरलेलं, हे खरंच.
मी संगमनेरच्या शिंप्याचा मुलगा, शिवण ओळखतो.
अशी दुहेरी दुमड, मेण चोळलेला दोरा,
कॅनव्हासला कोण कशाला घालेल?
हे शीड आहे.

फाइलीत पावती सापडते, टाचणीनं भोक पडलेली:
'जुनं शीड, एक. सात शिलिंग.
माशांचा वास जाणार नाही, आधीच सांगते.
लव्हडे ट्रेगेंझा, न्यूलिन.'

त्या साली होड्यांना इंजिनं बसली.
धक्क्यावरच्या तिच्या माडीत
शिडं वजनावर निघाली,
आणि लॉड्झहून जीव घेऊन आलेल्या हेन्रिक वाल्डला
कोरा कॅनव्हास परवडत नव्हता.
एवढंच झालं.
बाकी सगळं पुस्तकांत आहे.

लव्हडे प्लिमथच्या पुढे कधी गेली नसावी.
तिचा टाका तीन समुद्र ओलांडून आला,
वाऱ्याशिवाय,
लाकडी पेटीत, भुशात, विमा उतरवून.

एकदा नियम मोडून मी चित्र उताणं करतो.
पिवळ्या आकाराच्या मधोमध ती उभी रेघ,
जिला कॅटलॉगमध्ये
'दुभंगलेल्या युरोपची जखम' म्हटलंय,
ती तिची शिवण.
त्यानं ती रंगाखाली बुजवली नाही.

फॉर्मवर रकाना आहे: दोष.
मी लिहितो, शिवण एक. शाबूत.
उद्या पेटी सोलला निघेल.
नवं लेबल चिकटवताना
टाक्यांपासून चार बोटं लांब ठेवतो,
आणि कुणी बघत नाही असं पाहून
वाकून वास घेतो.

बाई खरं बोलली होती.