चाकाआडचा लाल

पुढचं डावं चाक उतरवलं.
मागच्या चाकांना दोन चिरे लावले,
गाडीच्या पोटाखाली लाकडाचा ओंडका,
कारण जॅक हा पाहुणा,
कधी उठून जाईल सांगता येत नाही.

सर्जेकोटात लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही.
गेटची कडी, सायकलची साखळी, शाळेची घंटा,
सगळ्यांना वारा शेंदूर फासतो.
कॅलिपरलाही फासला होता.
तारेच्या ब्रशनं घासायला घेतला
तर आधी पापुद्रे पडले, मग भुगा,
मग मीठ की ब्रेकची धूळ ओळखू न येणारी
करडी पूड ओढणीतून नाकात.

पलीकडे वाळूवर गंगाराम केळुसकर
उलट्या होडीला डांबर लावत होता.
आला, वाकला, बघितलं.
"चाक लावल्यार ह्यो रंग कोणाक दिसतलो गो?"
"तुमच्या होडीचं पोट कोणाला दिसतं?"
"माशांक."
आणि यावर मला काही सुचेना.

होडीच्या काठाचा उरलेला लाल द्यायला निघाला होता,
अर्धा डबा, वर साय धरलेली.
म्हटलं, काका, तुमचा रंग पाणी सोसतो,
ह्याला आच सोसायचीय.
कुडाळहून आणलेला माझा डबा त्यानं फिरवून वाचला.
"तीनशे डिग्री?
तितक्यात माजी भाकरी जळान जायत."

त्याला सांगितलं नाही, पण ठाऊक असणार.
गेल्या शिमग्यात, बंदराच्या उतारावर,
पायाखालचं पेडल मऊ झालं,
रसाळ फणसात पाय रुतावा तसं,
आणि गाडी प्रमिला खवणेकरणीच्या
जाळ्यांच्या ढिगात जाऊन शिरली.
जाळ्याचे पैसे मी तीन हप्त्यांत दिले.
कट्ट्याच्या मेस्त्रीनं काहीतरी बदललं,
बिलावर लिहिलं, "ब्रेक काम".

त्या दिवसापर्यंत मला माहीत नव्हतं
की एवढी मोठी गाडी
दोन मुठींएवढ्या वस्तूच्या भरवशावर थांबते.
आठ वर्षं चालवत होते,
एकदाही तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

डिस्कला कागद आणि चिकटपट्टी,
रबराला पट्टी,
निपलवर शहाळ्याच्या स्ट्रॉचा तुकडा.
पहिला हात पातळ. त्यात वाळूचा एक कण बसला,
काढायला गेले तर बोट उमटलं. राहू दे.
दुसरा हात जेवण करून.
तिसऱ्या हाताला काकानं न विचारता
ब्रश माझ्याकडून घेतला
आणि जिथे माझं मनगट वळत नव्हतं तिथे
एका श्वासात ओढला,
फळीच्या सांध्यावरून ओढतात तसा.
ओघळ नाही. एकही नाही.

ऊन कलल्यावर मी आत जाऊन बसले.
दार उघडं, इंजिन चालू,
पेडलवर पाय, पण दाबवत नव्हता.
"दाब गो."
दाबला. सोडला. दाबला.
तो खाली उकिडवा, एक डोळा मिटून,
होडीच्या फटीतून उजेड शोधावा तसा.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "थेंब इलो."

उतरून बघितलं.
पाइपाच्या जोडापाशी, मागच्या बाजूला,
जिथे मेस्त्रीचा पाना लागला होता
किंवा लागला नव्हता,
एक थेंब. लाल.
ब्रेक ऑइल रंग खातं.
हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं.

बाकीची तीन चाकं आज राहिली.
मेस्त्री सोमवारी येतो म्हणाला,
आवाजात जरा खाली मान घालून.
तोवर गाडी ओंडक्यावर, एक पाय मुडपून.
काका हात रॉकेलनं धुऊन गेला,
जाताना माझ्या नखांतला लाल बघून
काही तरी पुटपुटला, वाऱ्यात ऐकू आलं नाही.

जोड घट्ट होईल, चाक चढेल,
मग तो रंग कोणाला दिसणार नाही.
फक्त भल्या पहाटे
नेमानं त्या चाकाशी येऊन
पाय वर करणाऱ्या
प्रमिलाच्या कुत्र्याला.