संदर्भ हवा

मुंजाजी गिरामच्या खेळाची नोंद
ऑनलाइन ज्ञानकोशातून काढावी, ही पाटी
मीच लावली. रात्री पावणेबाराला,
सेलूच्या वाचनालयात, शटर अर्धं खाली ओढून.
उल्लेखनीयता सिद्ध होत नाही.
खेळ अद्याप प्रकाशित नाही.
स्वतंत्र, विश्वासार्ह स्रोत नाही.
तीन वाक्यं. तिन्ही खरी.

सकाळी पोरगं माझ्याच टेबलापाशी उभं, डबा घेऊन.
"काका, माझ्या खेळाबद्दल छापलेलं काही सापडल का?
तिथं पिवळीपावती नावाचा कुणी हाय, लई कडक.
कागद दाखवल्याबगर ऐकत नाही."

पिवळीपावती म्हणजे मी.
चहा सांगितला. तेवढंच सांगता आलं.

खेळाचं नाव 'बारव'.
शत्रू नाही, बंदूक नाही, गुणसुद्धा नाहीत.
नुसतं उतरायचं,
आणि दर पायरीवर कुणीतरी बोलतं:
घागर हरवलेली बाई,
कमरेला भोपळा बांधून पोहायला आलेला, अजून न पोहलेला पोरगा,
कोनाड्यातला पारवा, जो फक्त तिथी सांगतो, साल नाही.
बाईचा आवाज गल्लीतल्या अख्तरबीचा,
शिलाई मशीन थांबवून दिलेला.
मशीन थांबल्यावरची शांतताही त्यानं ठेवलीय.
चौऱ्याऐंशी पायऱ्या, झाल्यात एकसष्ट.
तीन वर्षं. उसना लॅपटॉप.
दिवसा सेतू केंद्रात तो दुसऱ्यांचे रहिवासी दाखले काढतो.

गठ्ठे सोडले. धूळ नाकात गेली.
एक बातमी निघाली, पान पाच, बियाण्याच्या जाहिरातीखाली:
'ग्रामीण युवकाने बनविला बारावीचा गेम'.
बारवचं बारावी. फोटो दुसऱ्याच कुणाचा.
वार्ताहराला फोन लावला, तो म्हणाला,
दुरुस्ती छापू की, पाव पानाची जाहिरात द्या.
मुंजाजी हसला. "बनी तो बनी," म्हणाला
आणि पुढचं परभणीवर सोडून दिलं.

मी विचारलं, आधी खेळ पुरा कर ना,
नोंदीची एवढी घाई कामून?
डब्याचं झाकण दाबत म्हणाला,
"बँकेतला साहेब नाव टाकून बघतो, काका.
मुलीकडचे बी बघतात.
काहीच निघत नसलं की
माणूस समोर बसलेला असून खोटा वाटतो."

तो गेल्यावर मी त्याचं गाव टाकलं. कौडपिंपरी.
गावाला नोंद होती. एक ओळ:
'हे परभणी जिल्ह्यातील एक गाव आहे.'
खाली हवामान, सगळ्या गावांना सारखंच चिकटवलेलं.
बारवेचा उल्लेख नाही. संदर्भ नाही.
तिथं कुणी पाटी लावली नव्हती.
मीही नाही.

सातव्या दिवशी 'बारव' गेली.
मतं तीन पडली, त्यात एक माझं.
बदललं नाही. नियम तो नियम;
आणि आपण चुकलो असं वाटलं तर ते लिहायला
तिथं वेगळा रकाना नाही.

त्या रात्री त्यानं दिलेला पेनड्राइव्ह लावला.
("काका, चुका काढा.")
उतरत गेलो. पाणी कुठंच दिसत नाही,
नुसता गारवा वाढत जातो, म्हणजे आवाज बारीक होतात.
सत्तेचाळिसाव्या पायरीवर एक चष्मेवाला बसलेला,
मांडीवर शिक्का, बाजूला चहाचे दोन कप.
म्हणतो, पुढं जायचंय? पुरावा दाखवा.
मी सगळी बटणं दाबून पाहिली.
त्याला काही देताच येत नाही.
शेवटी कंटाळून हात काढून घेतला,
तसाच बसलो त्याच्यासमोर,
पाच मिनिटं असतील, जास्तही.
मग तो आपणहून सरकला.

एकसष्टनंतर अंधार.
मुंजाजीच्याच आवाजात: "पुढचं दगडकाम चालू हाय."
आणि खूप खाली एक बेडूक.
एकच.
तो खराच असावा, खऱ्याच पाण्यातला.
संदर्भ नाही माझ्याकडं.