आणखी चारशे मीटर

पुण्याहून गाडी आली तेव्हा पहाटेचे साडेतीन.
कावळा नाक्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग,
कडेला हलगीवाले शेकोटीवर हलगी तापवत बसलेले.

कागदावर तिचं नाव इंग्रजी, लांबलचक, माझ्या जिभेवर बसत नाही.
आमच्याकडं ती चटणी.
शिंगरू होती तेव्हा उन्हात तिची पाठ बघून
खराड्यांची आत्या म्हणाली, ही तर आत्ता पाट्यावरनं काढल्यागत.
तेच राहिलं.

दोन हजार मीटर. बारा घोडे.
शेवटच्या वळणाला ती सातवी होती.
मी भाता सोडून उभा,
तौफिक मोबाईल कानाला दाबून ओरडतोय,
सहावी, पाचवी, बापू, चौथी,
मग नुसता माणसांचा आवाज, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा,
आणि फोन बंद.

अर्धा तास आम्ही चौथेच होतो.

मग खराडे स्वतः बोलले. रडत होते.
मानेनं जिंकली, म्हणाले. नुसत्या मानेनं.
मी विचारलं, नाल कसे आहेत?
माणूस गप्प झाला. असलं काय विचारतात का त्या वेळी.
पण मी नालबंद. मला घोडा खालून वर दिसतो.

गुलाल उधळू नका म्हटलं होतं.
कोल्हापूर ते. उधळलाच.
चटणीला शिंका, चटणीच्या पापण्या गुलाबी,
आणि दिगू मुळीक, बावन्न किलोचा जॉकी,
लोकांनी तोंडापुढं धरलेला पेढा हातात घेऊन
नुसता त्याच्याकडं बघत बसलेला.

दुपारपर्यंत फ्लेक्स लागला:
आता एकच ध्यास, फेब्रुवारीत मुंबई, दोन हजार चारशे!
त्यावरचा घोडा पांढरा होता.
कुठल्यातरी वरातीतला असणार.

दोन हजार चारशे.
रात्री झोप येईना म्हणून दुकानाबाहेर पडलो,
चारशे मीटर म्हणजे किती ते पायानं बघायला.
तौफिकनं मोबाईलवर मोजून सांगितलं होतं,
दुकानाच्या पायरीपासून शेवग्याच्या झाडापर्यंत.
पाचशे चाळीस पावलं.
दोनदा थांबलो. एकदा दमानं,
एकदा उगाच, कोपऱ्यावरचं कुत्रं ओळखीचं निघालं म्हणून.
तिला चोवीस सेकंद लागतील.
पण ते चोवीस, दोन हजार पळून झाल्यावरचे.

सकाळी तिचा पाय मांडीवर घेतला, डावा, पुढचा.
शर्यतीचा पातळ नाल काढला,
टोकाला झिजून जुन्या नाण्यागत गुळगुळीत.
तळवा कोमट.
आणि कडेला, खिळ्याच्या भोकापासून वर गेलेली
केसाएवढी रेघ.
गुलालानं भरली होती, म्हणून तर दिसली.

खराडे दारात उभे. पाठीमागं चारपाच जण,
कुणाच्यातरी हातात पुढच्या शर्यतीचा फॉर्म.
म्हटलं, नाल नको आता. अनवाणी राहू दे.
किती दिवस?
म्हटलं, बघू.
मग फेब्रुवारी?
म्हटलं, खूर महिन्याला हरभऱ्याएवढा वाढतो, मालक.
त्याला तारीख सांगून बघा.

कुणी हसलं नाही. फॉर्मची घडी झाली, खिशात गेला.
खराडे तिच्या मानेला हात लावून बराच वेळ उभे राहिले,
त्याच मानेला.

जिंकलेले नाल मागायला माणसं आली,
एक पेठेतला सराफ, एक नवीन लग्न झालेला पोरगा.
तीन दिले. डावा पुढचा फळीवर आहे, तो देणार नाही.

ऊन उतरल्यावर तिला घेऊन तेच अंतर चाललो,
पायरीपासून शेवग्यापर्यंत.
नालाविना तिचा आवाजच येत नव्हता,
मागं वळून बघावं लागायचं, आहे का म्हणून.
मी पावलं मोजत होतो.
कोपऱ्यावर ती थांबली. कुत्रं उठलं, नाकाला नाक लावलं,
आणि माझा आकडा विसरला.