सुतळीनं मोजलेली गाडी

बावीस वर्षं मी साखर कारखान्याच्या गाडीवर.
चेअरमन बदलले, गाड्या बदलल्या,
माझा उजवा हात तेवढा खिडकीत रापत राहिला.
म्हणून घरात गाडी घ्यायचं ठरलं
तेव्हा मला वाटलं, आता कुणी मधे बोलायचं काम नाही.
गाडीतलं मला कळतं.

शिरोलीच्या अलीकडं, सिमेंटच्या गोडाऊनला लागून
किणीकरांकडं जुन्या गाड्या उन्हात उभ्या असतात.
त्यातली राखाडी मी आधीच हेरलेली.
बॉनेट नंतर. आधी कान.
गार इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं,
खोकतं, की नुसती कूस बदलतं.
क्लच असा पाहिजे
की तापल्या दुधावरची साय बोटानं बाजूला सारावी.
करूळ घाट तिसऱ्यात चढताना
तिनं कण्हायचं नाही.
आणि ब्रेक.
एकदा बेळगावहून येताना, कागलच्या अलीकडं, रात्री दीडला,
समोर उसाची ट्रॉली. मागं दिवा नाही, चमकपट्टी नाही,
अंधाराचाच एक ढीग रस्त्यात.
साहेब मागं घोरत होते.
ते उठलेसुद्धा नाहीत, एवढ्या हळू थांबवली.
तेव्हापासून मी कुठल्या गाडीचा रंग बघितलेला नाही.

राखाडी सगळ्यात पास झाली.
दस्तगीर मिस्त्रीला नुसतं दाखवायला म्हणून आणलं.
त्यानं इंजिनाकडं बघितलंच नाही.
मागचा सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिला,
ओढत राहिला, पार शेवटापर्यंत,
तिथं पट्ट्यावर मातकट रेघ.
नाकाला लावून म्हणाला,
"हिनं पंचगंगा पिलीया, दादा."

मी गप्प.
डोळ्यांपुढं आलं ते शाहूपुरीतलं कुठलंतरी पार्किंग,
माणसं वर माडीवर, पाव आणि मेणबत्त्यांची वाट बघत,
आणि ही खाली, काचांपर्यंत, एकटी.
माझ्या कानांना हे ऐकू आलं नव्हतं.

तेवढ्यात शालननं पर्समधून सुतळी काढली.
सुतळीला दोन गाठी.
"ही आक्कांच्या गुडघ्याची.
घरातल्या स्टुलावरनं त्या आपल्या आपण उठत्यात, तेवढीच उंची."
प्रत्येक गाडीचं मागचं दार उघडून
जमिनीपासून सीटपर्यंत ती सुतळी धरत गेली.
किणीकर हसले. मीही हसलो असेन.
"आणि दुसरी?"
"प्राजूच्या पायाची. कमरेपासून टाचेपर्यंत."
"तिचा पाय कशाला?"
"क्लचला पोचायला नको?"

मग तिनं आवाज न चढवता सांगितलं,
"तुम्ही साहेबांना घेऊन पुण्याला असता.
आक्कांना रात्री धाप लागली
तर ह्या गाडीला कोण हात लावणार?"

गेल्या श्रावणात शेजारच्या खोतांचा टेम्पो मिळाला होता,
मागं हिरव्या मिरचीची पोती, मधे आक्का.
मला सकाळी फोनवर कळलं.
मी तेव्हा कुणासाठीतरी एसी लावून थांबलो होतो.

शेवटी विटकरी घेतली.
दस्तगीरनं तिचेही चारी पट्टे ओढले, कोरडे निघाले.
पिकअप बेताचा, स्टिअरिंग जरा जड,
हॉर्न तर शेळीसारखा.
सुतळी दोन्हीकडं बरोबर बसली.

घरी प्राजूनं आणली.
कावळा नाक्याला दोनदा बंद पडली,
मागचा केएमटीवाला काय म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही.
मी डाव्या सीटवर,
माझा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबत होता.

आक्काला पहिली चक्कर रंकाळ्यापर्यंत.
थांबल्याबरोबर सवयीनं मी उतरलो,
मागून फिरून गेलो, दार धरून उभा राहिलो,
हात पाठीमागं, मान जरा खाली.

"मी काय चेअरमन हाय व्हय? सरक तिकडं,"
आक्का म्हणाली,
दोन्ही पाय रस्त्यावर टेकवले
आणि उठली.

सुतळी अजून गाडीतच आहे.
परवा दळण आणताना डब्याचं झाकण उडत होतं,
त्याला बांधली.