चिन्ह : शिवणयंत्र

घोटवडेकर. बँकेतले कॅशियर, निवृत्त.
अपक्ष. चिन्ह शिवणयंत्र,
म्हणून दत्तवाडीत माझ्या दुकानाशी आले :
"मशीन द्याल का दोन तास? टेम्पोवर ठेवायचंय."
म्हटलं, लग्नसराई आहे, नऊ ब्लाउज पडलेत.

मग स्टुलावर बसले, चष्मा पुसला.
दर महिन्याला पैसे, म्हणाले, प्रत्येकाला.
दाखला नको, झेरॉक्स नको, साहेब जेवायला गेलेत नको.
सहकारनगरच्या बंगल्यात जेवढे, तेवढेच तुम्हाला.
"आणि फॉल-पिको कोण करणार?"
"तुम्हीच. वाटलं तर."

तोंडात टाचण्या होत्या, हसता आलं नाही.

वाटलं तर.
त्या रात्री वाटत नव्हतं.
पाठ भरून आली होती, नववा ब्लाउज अस्तराचा.
शिवला.

दांडेकर पुलाशी त्यांना कुणीतरी विचारलं,
पैसे काय मुठेतून वाहत येणार?
त्यांनी वही उघडली. हिशेब लांब होता,
सिग्नल सुटला.

यंत्रावर यंत्राचं चित्र, खालून दुसरं.
माझं बोट कुठे गेलं ते सांगत नाही.
तीनशे सत्तावीस मतं. डिपॉझिट गेलं.

आठवड्यानं शर्ट घेऊन आले, कॉलरचं बटण तुटलेलं.
लावून दिलं. म्हटलं, राहू द्या पैसे.
"छे, घ्या," म्हणाले,
"हे कामाचे आहेत."